भोंग्यावरची बकरी

१२ सप्टेंबर, पिंप्राळा

ही वही वाचा-उपचार करणाऱ्या नूतन मॅडमनी दिली. म्हणाल्या, "हेमराजभाऊ, रूपा दिवसभरात स्वतःहून जे बोलेल, त्यातलं एखादं वाक्य रोज जसंच्या तसं लिहायचं. सुधारायचं नाही, सजवायचं नाही." मी म्हटलं, मॅडम, आपला धंदा बोलण्याचा, लिहिण्याचा नाही. पण पोरीसाठी लिहीन.

मी निवेदक आहे. लग्नं, साखरपुडे, पतसंस्थेच्या सभा, दुकानांची उद्घाटनं, गणपती, गरबा. जळगावात कुठे माईक खरखरला की मागे बहुतेक मीच उभा असतो. आणि माझ्याच घरात चौथीतली पोर वाक्य सुरू करते आणि मध्येच अडकून बसते. लोक विचारतात, "तुमची मुलगी, आणि बोलत नाही?" मी ठरलेलं उत्तर देतो, "घरातला सगळा कोटा मीच संपवला हो." लोक खूश होऊन हसतात. रूपाही तिथेच असते. ती हसत नाही, पण तिला विनोद उशिराच कळतात.

कान तपासले, ठणठणीत. डोकं तर आमच्या दोघांहून बरं. माझ्या बायकोच्या, सरिताच्या, शिलाई मशीनची बॉबिन अडकली की तीच काढून देते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, आळशी आहे. कोणी म्हणालं, मोबाईल बंद करा. कोणी म्हणालं, घरात अहिराणी आणि शाळेत मराठी, पोरगी गोंधळणारच. सगळं करून झालं. शेवटी नूतन मॅडमनी त्याला नाव दिलं, डीएलडी. भाषा शिकण्यातलीच अडचण. जन्मासोबत आलेली, कोणाच्या चुकीने न झालेली. वर्गात एक-दोन मुलं तरी अशी असतात म्हणाल्या, फक्त त्यांना 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेलं असतं.

आज रूपा काय बोलली: लक्षात नाही. दिवसभर गणपती मंडळांच्या बक्षीस समारंभांत होतो. उद्यापासून नक्की.

१९ सप्टेंबर

क्लिनिकमध्ये अपमान झाला, असंच म्हणावं लागेल.

मॅडमनी रूपाला विचारलं, गणपतीत काय काय केलंस? रूपा छताकडे बघायला लागली. मी सांगितलं, मोदक केले. मॅडमनी पुन्हा तिलाच विचारलं, कोणी केले? मी म्हटलं, आईने केले आणि रूपाने कळ्या पाडल्या. मॅडम मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेर बाकावर बसून मी पंख्याकडे बघत राहिलो. आमच्या कामात गॅप पडला की कार्यक्रम मेला. पाहुणा उशिरा आला, हार सापडला नाही, नवरी अजून तयार होतेय, निवेदकाने ती जागा भरायची असते. मी पोरीची जागा भरतो, तिला चारचौघांत उघडं पडू देत नाही. यात चुकलं काय?

सरिताला सांगितलं. ती ब्लाउजला हुक लावत होती. म्हणाली, "मॅडम बरोबर बोलल्या." मग दात लावून दोरा तोडला.

रूपा काय बोलली: मी बाहेर होतो.

२५ सप्टेंबर

मॅडम अठरा ऑक्टोबरला डीएलडीच्या माहितीचा कार्यक्रम घेणार आहेत. गेल्या वर्षीही घेतला होता, तेव्हा खुर्च्या जास्त आणि माणसं कमी होती. पत्रकं वाटली तर लोक त्यावर भेळ खातात म्हणाल्या. बोलताना त्यांचा चेहरा पडला होता.

मी म्हटलं, मॅडम, हे माझ्यावर सोडा. ओळखीतल्या मगनची ॲपे रिक्षा, वर दोन भोंगे, आणि आपला आवाज. शहरभर फिरवतो, शिवाय पाचोरा, चाळीसगावपर्यंत. फुकट. त्या इतक्या खूश झाल्या की मला बाकावर बसवल्याचं मी मनातल्या मनात माफ केलं.

आता मजकूर. "आपलं मूल बोलत नाही का?" हे तर कोणीही लिहील. लोक थांबले पाहिजेत. रिक्षा पुढे गेली तरी कानात राहिलं पाहिजे.

२८ सप्टेंबर

आज मॅडम वाचतील तर नाचतील. रूपा बोलली. खूप बोलली.

दुपारी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी मोबाईल बाजूला ठेवला, रेकॉर्डिंग चालू करून. म्हटलं, धुळ्याला अक्काच्या घरी उन्हाळ्यात काय झालं, ते बकरीचं, सांग ना. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण लताबाई. रूपाने मोबाईलकडे पाहिलं. "कोणाला?" मी म्हटलं, "कोणालाच नाही. मला सांग. फक्त मला."

मग तिने सांगितलं. जसंच्या तसं लिहितो: "बकरी... अक्का साडी वाळत... बकरी खाल्ला साडी. हिरवा. अक्का पळाला. बकरी पण पळाला. साडी... साडी बकरीच्या तोंड... सगळा गल्ली..." इथे तिला हसू फुटलं. बराच वेळ हसली, मीही हसलो. "मग अक्का रडला. मग अक्का बकरी पाणी दिला." शेवटचं वाक्य तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं.

माझे डोळे भरून आले. एवढी मोठी गोष्ट तिने मला कधीच सांगितली नव्हती.

३० सप्टेंबर

नवी पेठेतल्या स्टुडिओत मजकूर रेकॉर्ड केला. आधी माझा आवाज: "थांबा, जळगावकर! हा आवाज ऐका." मग रूपा: "बकरी खाल्ला साडी. अक्का पळाला. बकरी पण पळाला." मग पुन्हा मी: "ही मुलगी हुशार आहे. हिचे कान चांगले आहेत. तरीही ही असं का बोलते? जाणून घ्या, अठरा ऑक्टोबरला." ऑपरेटर म्हणाला, मधले गॅप फार आहेत भाऊ, आणि हे हसणं मजकुरात बसत नाही. ते काढून टाकलं. आता एकदम घट्ट झालंय. अंगावर काटा येतो.

नाव कुठेही टाकलेलं नाही, एवढी अक्कल मला आहे.

मगनने रिक्षात बसून ऐकलं आणि भोंग्याचं बटण बंद केलं. "हाऊ ते आपली रूपाना आवाज शे ना, भाऊ? तिले माहीत शे का?" मी म्हटलं, लहान पोराला काय विचारायचं, चांगल्या कामासाठीच आहे. सरितालाही सांगितलं. ती म्हणाली, "तिला विचारा आधी." मी हो म्हटलं. मॅडमना काही बोललो नाही, सरप्राइज ठेवायचं होतं.

विचारायचं राहून गेलं. राहून गेलं असंच लिहितो. खरं म्हणजे तिने नाही म्हटलं असतं तर पंचाईत झाली असती.

४ ऑक्टोबर

काल घट बसले. रिक्षा फिरायला लागली आणि फोन थांबेना. शिव कॉलनीतून, गणेश कॉलनीतून, अमळनेरहूनसुद्धा. पाचोऱ्याची एक बाई फोनवर रडायलाच लागली. म्हणाली, "माझा मुलगा अस्सा बोलतो हो, मी त्याला मारत होते." मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, "काय जादू केलीत? सगळे बकरी, बकरी म्हणतायत." मी म्हटलं, गुपित आहे.

शेजारच्या कुंदाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "रूपाच ना ती?" मी नुसता हसलो. छाती थोडी फुगली, खोटं कशाला लिहू.

रूपा आज जेवली नाही. सर्दी असावी. शाळेतून आली ती दप्तरासकट अंथरुणात शिरली. रूपा काय बोलली: काहीच नाही. थकली असेल.

६ ऑक्टोबर

आजही काही बोलली नाही. मी दारातून म्हटलं, काय ग राणी, ताप आहे का, डोकं दुखतंय का, शाळेत बाई रागावल्या का, आईस्क्रीम खायचं का? तिने भिंतीकडे तोंड केलं. गरब्याच्या गडबडीत माझंही लक्ष नाही.

८ ऑक्टोबर

लिहायला हात होत नाही, पण लिहिलं नाही तर आणखी भेकड ठरेन.

सकाळी सरिता शाळेत गेली. रूपाने व्हॅनमध्ये चढायला नकार दिला, फाटकाचा दांडा धरून बसली, म्हणून. व्हॅनमधली पोरं रोज तिला बघून सुरात म्हणतात, "बकरी खाल्ला साडी." वर्गातही. मधल्या सुट्टीत कोणी तिच्यासमोर पळतं, कोणी तोंडात रुमाल धरतं. बाईंनी ओरडून गप्प केलं, पण बाईंनाही हसू आवरलं नव्हतं, असं एका मुलीने सरिताला सांगितलं. घरी येऊन सरिता माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. "तुम्ही विचारलं होतं ना तिला?" एवढंच म्हणाली. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि मला भरायला एक शब्द सापडला नाही.

मगनला फोन लावला. भोंगा चालू असला की त्याला रिंग ऐकू येत नाही. स्कूटर काढली. आकाशवाणी चौकात इंजीन बंद करून कान दिला, काही नाही. फुले मार्केटजवळ पुन्हा बंद केलं. लांबून मीच ऐकू आलो, "थांबा, जळगावकर!" मी त्या दिशेला गाडी घातली. गल्लीत शिरेपर्यंत आवाज दुसऱ्या गल्लीत गेला होता. मी माझ्याच आवाजाच्या मागे धावत होतो आणि तो माझ्यापुढे मजेत चालला होता.

शेवटी एका केळीच्या गाडीपाशी अडकलो. रिक्षा मागच्या रस्त्याने जात होती. तिथे मी रूपाला पहिल्यांदा ऐकलं, लोक ऐकतात तसं. गॅप नाही, हसू नाही, गुडघ्यावरचा हात नाही. नुसत्या चुका, एकीला एक लावलेल्या. केळीवाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "आली बघा बकरी," आणि दोघंही हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मीच तसं कापलं होतं.

मगनला गाठलं आणि भोंग्याची वायर ओढून काढली. पण ते आता मोबाईलवरही फिरतंय. कोणीतरी बकरीचा फोटो लावून टाकलंय. आमच्या निवेदक मंडळींच्या ग्रुपवर मला अभिनंदनाचे अंगठे आलेत.

९ ऑक्टोबर

मॅडमकडे गेलो. त्यांनी ऐकलं होतं, पण आवाज रूपाचा आहे हे त्यांना आज कळलं. भोंग्यातून ओळखू आला नाही म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचे ठोकळे एकेक करून डब्यात भरले, मग विचारलं, "तिला विचारलं होतं?"

"मॅडम, नऊ वर्षांची पोर आहे."

"नऊ वर्षांच्या पोरीला 'नाही' म्हणता येतं, भाऊ. ते तिला नीट म्हणता येतं."

मी फोनचं सांगितलं, पाचोऱ्याच्या बाईचं सांगितलं. मारायची थांबली असेल ना ती? मॅडम म्हणाल्या, "थांबली असेल. त्याचं मला बरं वाटतंय, आणि म्हणूनच तुमच्यावर नीट रागावताही येत नाहीये." मग म्हणाल्या की अशी मुलं एका वाक्यासाठी आपल्याला दिसत नाही एवढी मेहनत करतात. ज्याच्यापाशी ती करावीशी वाटते, अशी माणसं त्यांना थोडीच असतात.

मी त्या थोड्यांतला होतो. अठ्ठावीस तारखेपर्यंत.

रूपा मला सोडून बाकीच्यांशी थोडं बोलते. सरिताला "पाणी" म्हणाली. मी खोलीत गेलो की खोली बंद होते. ती माझ्याशी कायमचीच बोलायची थांबली तर? एवढी एकच भीती आहे, आणि त्याला मी स्वतःच जबाबदार आहे. दुसऱ्या कोणावर ढकलायला जागा नाही. मी शोधून पाहिली.

१२ ऑक्टोबर, धुळे

दसऱ्याला सगळे अक्काकडे आलो. अक्काने दारातच रूपाला पोटाशी धरलं. "ये वं माय, बस आठे." मला नुसतं "ये" म्हणाली. सरिताने फोनवर सगळं सांगितलेलं दिसलं.

बकरी मागच्या अंगणात होती. रूपा तिच्या मानेत तोंड खुपसून बसली. मी आपट्याचं पान घेऊन गेलो आणि माफी मागितली. मनापासून मागितली. म्हटलं, बेटा, माणसाच्या हातून चुका होतात, बाप झाला तरी तो माणूसच, माझा हेतू वाईट नव्हता, तुझ्यासारख्या कितीतरी मुलांसाठी, आणि बापाचं प्रेम कसं असतं ते तुला मोठी झाल्यावर कळेल. आवाज दोनदा भरून आला, जिथे यायला हवा तिथेच. शेवटी पान पुढे केलं. रूपाने ते घेतलं आणि बकरीला दिलं. बकरीने खाल्लं.

अक्का उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. "तू माफी मांगी का भाषण दिधं रे भो?"

मी म्हटलं, अक्का, मी खरं बोललो.

"खरं व्हई. पन तू बोलस, बठ्ठी दुनिया आयकस. तिनी पाळी कवय येई?"

सगळी दुनिया ऐकते, पण तिची पाळी कधी येणार? मी परत फिरून अंगणात पाहिलं तर रूपा अक्काच्या नव्या बादलीने बकरीला पाणी पाजत होती. काहीतरी पुटपुटत होती. माझं पाऊल वाजलं आणि ती थांबली. मी चप्पल हातात घेऊन मागे सरकलो. स्वतःच्या पोरीचं बोलणं चोरून ऐकू नये म्हणून रस्त्यापर्यंत गेलो.

१८ ऑक्टोबर

कार्यक्रम झाला. हॉल भरला, मागे लोक उभे होते. माईक मी हातात घेतला नाही. खुर्च्या लावल्या, पाण्याचे जार उचलले. मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं, ही मुलं आळशी नाहीत, दोन भाषांनी असं होत नाही, आईबापाच्या चुकीने होत नाही, आणि बोलायला शिकवायच्या आधी थांबायला शिका. लोक माना डोलावत होते. पाचोऱ्याची बाई मुलाला घेऊन आली होती. हे सगळे माझ्या पोरीच्या जिवावर आले होते. हे लिहिताना लाज वाटते. थोडं बरंही वाटतं, आणि त्याची जास्त लाज वाटते. रूपा घरीच राहिली.

संपल्यावर तोताराम नावाचे एक गृहस्थ शोधत आले, चाळीसगावकडचे शेतकरी. सोबत रूपाएवढीच मुलगी. माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, मन्ही पोरना बी आवाज टाका ना गाडीवर. बठ्ठा गावले समजू द्या, ती येडी नई शे."

मी म्हटलं, नको. मी माझ्या मुलीला न विचारता टाकला होता, फार वाईट झालं.

ते गोंधळले. "लहान पोरले काय इचारनं?"

माझंच वाक्य होतं, नुसतं बोलीत आलेलं. मी वाकून त्या मुलीला विचारलं, तुझा आवाज गाडीवर लावू का ग? ती विचार करायला लागली. ओठ हलला. तेवढ्यात तोतारामच म्हणाले, "हा, टाका, टाका." मुलीने ओठ मिटले आणि बापाच्या शर्टाचं टोक धरलं.

मी नाहीच म्हटलं. ते नाराज होऊन गेले. मी बराच वेळ खुर्च्या एकात एक घालत बसलो. हे शिकवलं कोणी त्यांना? भोंगा लावून मीच.

२१ ऑक्टोबर

काही नाही. मी घरात कमी बोलतो. फार जड जातं. कुंदाबाईंनी सरिताला विचारलं, भाऊंचा घसा बसला का?

२४ ऑक्टोबर

दुपारी रूपा ओट्यावर आकाशकंदील करायला बसली. मी जरा अंतर ठेवून बसलो आणि तिला लागेल तशी काडी पुढे सरकवत राहिलो. ती कापत होती, मी खळ लावत होतो. निळा कागद तिने माझ्याकडे ढकलला, म्हणजे इथे चिकटवा.

मग ती म्हणाली, "पप्पा." आणि थांबली.

माझ्या तोंडात तीन वाक्यं तयार होती. काय ग बेटा, कागद हवाय का, अजून रागावलीस का. तिन्ही गिळली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. आत कुकरची शिट्टी झाली. सरिताने मशीन थांबवलं. रूपा कात्रीच्या टोकाने फरशी खरवडत होती. तिच्या कपाळावर आठी पडली, गेली, पुन्हा पडली. इतकी मेहनत मी आजवर कधी पाहिलीच नव्हती. दर वेळी मध्ये मीच उभा असायचो. खळ माझ्या बोटांवर वाळून गेली.

आणि रूपा बोलली. थांबून थांबून, एकदा चुकून, परत मागे जाऊन. बरंच बोलली. मी मध्ये काहीही बोललो नाही. ऐकणं मला सोपं गेलं नाही. शेवटी तिने कागदाचे कपटे गोळा केले आणि माझ्या ओंजळीत दिले.

मी विचारलं, "हे मॅडमच्या वहीत लिहू?"

ती विचार करत राहिली. मी थांबलो.

"नको," ती म्हणाली.

मॅडम, म्हणून लिहीत नाही.